पोर्तुगीज पार्टीबरोबर काम सुरू करताय? काय काय आणि कुठल्या क्रमानं करायचं

पोर्तुगालची पार्टी मिळाली की आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्या दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर जर्मन क्लायंटला पाठवतात तसं पहिल्याच ईमेलमध्ये रेट, ड्रॉइंग, डिलिव्हरीची तारीख सगळं भरून पाठवतात, नाहीतर "स्पेनच्या शेजारीच तर आहेत, तसेच असणार" म्हणून प्रकरण माद्रिदच्या एजंटच्या गळ्यात मारून मोकळे होतात. दोन्हीनं काम होतच नाही असं नाही पण रखडतं. कारण तिथे क्रम ठरलेला आहे, आधी मान, मग ओळख, मग जेवण, आणि कागद सगळ्यात शेवटी, आणि हा क्रम चुकवला तर समोरचा भांडत नाही, रागावतही नाही, फक्त उत्तरं यायची कमी होतात आणि आपल्याला कळतच नाही काय झालं ते. म्हणून नवीन लोकांसाठी त्याच क्रमानं लिहितोय.

१. पार्टी कुठली आहे ते आधी बघा

देश छोटा आहे, लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर, म्हणजे मुंबई शहरापेक्षाही कमी. तरी लिस्बन आणि उत्तरेकडचा भाग यांची तऱ्हा वेगळी. कारखानदारी बरीचशी पोर्तोच्या आसपास आणि त्याच्या वर. गिमाराइंशला टॉवेल, चादरी, घरगुती कापड (सोलापूर-इचलकरंजीवाल्यांनी हे नाव लक्षात ठेवा, तिथे तुमचे गिऱ्हाईकही आहेत आणि स्पर्धकही), फेल्गेइराशला बूट, सांता मारिया द फेइरा भागात बूच. जगातलं जवळजवळ निम्मं बूच या एका देशातून येतं आणि तिथली आमोरिं कंपनी १८७० पासून एकाच घराण्याकडे आहे. थोडं खाली आलं की मारिन्या ग्रांद, प्लॅस्टिकच्या मोल्डचं गाव, भोसरी-चाकणच्या टूलरूमवाल्यांना ते सांगायला नको. लिस्बनच्या खाली पाल्मेलाला फोक्सवॅगनचा ऑटोयुरोपा प्लांट. आणि खुद्द लिस्बनमध्ये बँका, मंत्रालयं, वकील, मोठ्या कंपन्यांची हेड ऑफिसं, आता आयटीही भरपूर.

तिकडे एक म्हण आहे की पोर्तो काम करतं, ब्रागा देवाचं करतं, कुइंब्रा अभ्यास करतं आणि लिस्बन मजा मारतं. पोर्तोवाला ती हौसेनं ऐकवेल, हसा, पण पुढच्या आठवड्यात लिस्बनच्या ऑफिसात ती स्वतःहून सांगायला जाऊ नका.

कंपनीच्या नावापुढे काय लिहिलंय तेही बघा. 'लिमितादा' असेल तर बहुधा घरची कंपनी, वडील मालक, कुणीतरी बहीण किंवा वहिनी हिशेबाला, आणि मुलगा किंवा मुलगी एक्स्पोर्ट बघायला लागलेली. ते पोरगं इंग्रजी फाडफाड बोलतं म्हणून सगळं त्याच्याशीच ठरवून टाकायचा मोह होतो, पण सही वडिलांची असते आणि वडिलांना न भेटता ठरलेला सौदा त्यांच्या लेखी ठरलेलाच नसतो. 'एस.ए.' असेल तर मोठी कंपनी, बोर्ड वगैरे, पण तिथेही शेवटचा शब्द वरच्या एक-दोन माणसांचाच. मधल्या मॅनेजरला "आत्ताच्या आत्ता हो की नाही सांग" म्हणून कोपऱ्यात पकडायचं नाही, त्याच्या हातात ते नसतं आणि वर बॉसपुढे त्याची पंचाईत होते.

२. मधला माणूस शोधा

कोल्ड ईमेलला उत्तर येईलच असं धरू नका. ओळखीनं दार लवकर उघडतं, आपल्याला हे नवीन नाही, वशिला हा प्रकार तिकडेही आहे आणि त्याला त्यांच्याकडे खास शब्दही आहे. फक्त इथे मी लाच वगैरेबद्दल बोलत नाहीये, एवढंच की कुणीतरी "हे लोक बरे आहेत" असं म्हणायला पाहिजे. तो कुणीतरी म्हणजे त्यांचा जुना सप्लायर, वकील, बँकेतला माणूस, किंवा आयसेप नावाची त्यांची सरकारी व्यापार एजन्सी. लिस्बनमधला भारतीय दूतावासही यादी आणि ओळख करून देतो. कापडवाल्यांसाठी फ्रँकफर्टचं हाइमटेक्स्टिल सगळ्यात सोपं, पोर्तुगीज कंपन्या तिथे स्टॉल घेऊन असतातच, जा, कॉफी प्या, कार्ड द्या, आणि मग ईमेल करा. आयटीवाल्यांना नोव्हेंबरात लिस्बनची वेब समिट, २०१६ पासून तिकडे भरते, पण तिथे एवढी गर्दी असते की नवीन ओळख काढण्यापेक्षा आधीच्या ओळखीला भेटायला ती बरी असं माझं मत.

३. नाव आणि हुद्दा

इथे घाई करू नका, हा भाग वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. पोर्तुगालमध्ये पदवीला फार मान. साधी ग्रॅज्युएशनची डिग्री असली तरी माणूस 'दोतोर', बाई असेल तर 'दोतोरा'. लिहिताना मात्र एक बारकावा, साध्या पदवीवाल्याला आखूड 'डॉ.' लिहितात आणि पीएचडी असेल तर शब्द पूर्ण लिहितात. इंजिनियर असेल तर 'एन्झेन्येइरू' आणि हे नुसतं कार्डावर नाही, तोंडानं बोलतानाही. युनोचे सरचिटणीस आंतोनियु गुतेरेश १९९५ ते २००२ तिकडे पंतप्रधान होते तेव्हाही लोक त्यांना 'एन्झेन्येइरू गुतेरेश' म्हणायचे. कारखान्यात जाल तर समोर अशी माणसं भरपूर. तुम्ही इंग्रजीत बोलत असलात तरी पहिल्या भेटीत आडनावाआधी हे लावा, पुढे तो स्वतःच म्हणेल की मला नुसतं पेद्रु म्हणा. तो म्हणेपर्यंत थांबा. स्टार्टअपमध्ये आणि पस्तिशीच्या आतल्या लोकांत हे सगळं पुष्कळ सैल झालंय, तिथे पहिल्या मिनिटापासून नावानं हाक, पण अंदाज चुकला तर फॉर्मलच्या बाजूनं चुकलेलं बरं.

आडनाव कुठलं घ्यायचं हाही एक घोळ. नावं लांबलचक असतात, आधी आईकडचं आडनाव आणि शेवटी वडिलांचं. क्रिश्तियानु रोनाल्दुचं पूर्ण नाव घ्या, क्रिश्तियानु रोनाल्दु दुश सांतुश आवेइरू, यात सांतुश आईकडून, आवेइरू वडिलांकडून, आणि रोनाल्दु हे आडनावच नाही. हाक मारताना शेवटचं आडनाव. स्पेनमध्ये उलटं असतं, वडिलांचं आधी, त्यामुळे स्पॅनिश पार्ट्यांची सवय झालेले लोक इथे हमखास गडबडतात. आणि हे पुरुषांचं झालं, बायकांना बहुतेक वेळा हुद्दा आणि पहिलं नाव, म्हणजे 'दोतोरा आना', आडनाव नाही. ईमेलच्या खालची सही नीट वाचलीत तर निम्मं कोडं तिथेच सुटतं.

आपल्याला एक सोय आहे. तू, तुम्ही, आपण या पायऱ्या आपल्याकडेही आहेत म्हणून त्यांचं बोलणं कळायला जड जात नाही. ते मानाच्या माणसाला थेट 'तुम्ही' असंही न म्हणता "इंजिनियर साहेब कॉफी घेणार का" असं तिसऱ्याच माणसाबद्दल बोलल्यासारखं बोलतात. तुमच्याशी कुणी असं बोललं तर तो तुटकपणा नाही, आदर आहे.

४. भाषा, आणि स्पॅनिशचा मोह

तरुण लोकांचं इंग्रजी चांगलं असतं (तिकडे इंग्रजी सिनेमे डब न करता खाली अक्षरं टाकून दाखवतात, त्याचा फायदा), पण साठीच्या मालकाला फ्रेंच जास्त येत असेल, तेव्हा दुभाषा लागेल का हे आधीच विचारा. चार शब्द पाठ करा. सकाळी 'बों दिया', जेवणानंतर 'बोआ तार्द', अंधार पडल्यावर 'बोआ नोइत'. आभार मानताना पुरुषानं 'ओब्रिगादु', बाईनं 'ओब्रिगादा', समोर कोण आहे त्यावर नाही, बोलणारा कोण आहे त्यावर.

आणि काहीही झालं तरी 'ग्रासियास' म्हणू नका. त्यांना स्पॅनिश कळतं, छान कळतं, पण तुम्ही त्यांना स्पेनचा एक जिल्हा समजता असा त्याचा अर्थ होतो. स्पेनकडून ना चांगला वारा येतो ना चांगली सोयरीक, अशी त्यांची जुनी म्हण आहे. आता व्यापार सगळ्यात जास्त स्पेनशीच, जाणंयेणं रोजचं, तरी लिस्बनचे निर्णय माद्रिदच्या ऑफिसातून घेणाऱ्या परदेशी कंपन्यांबद्दल नाराजी असते आणि मला विचाराल तर ती रास्त आहे. ब्रोशर किंवा करार भाषांतर करून घेताना ब्राझीलची पोर्तुगीज नको, पोर्तुगालची हवी असं स्पष्ट सांगा, मशीनवर टाकलं तर बहुतेक वेळा ब्राझीलचीच बाहेर येते आणि त्यांना ती पहिल्या ओळीत कळते.

५. पहिली मीटिंग

वेळ घ्या दोन-तीन आठवडे आधी आणि आदल्या दिवशी पक्की करा. तुम्ही वेळेवर जायचं, ते दहा-पंधरा मिनिटं उशिरा येतील, घड्याळ बघायचं नाही. घरून कॉल करणार असाल तर हिवाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार, आणि स्पेनपेक्षा एक तास मागे, म्हणून माद्रिदमधून ठरवलेल्या कॉलची वेळ दोनदा तपासा. त्यांची सकाळी दहा ते साडेबारा ही सगळ्यात चांगली वेळ, हिवाळ्यात आपली दुपारी साडेतीन ते सहा.

कपडे जरा नीटनेटके, वकील-बँकेत सूट, कारखान्यात ब्लेझर पुरे, पण बूट चांगले पाहिजेत, बूट बनवणारा देश आहे, लक्ष जातं. खोलीतल्या प्रत्येकाशी हात मिळवा, येताना आणि जाताना दोन्ही वेळा. बायका ओळखीच्या लोकांना दोन्ही गालांना गाल लावून भेटतात पण पहिल्या बिझनेस भेटीत हातच, पुढचं त्यांनी ठरवावं.

मग पहिली वीस मिनिटं कामाचा विषय निघणार नाही. प्रवास कसा झाला, हवा, फुटबॉल (बेन्फिका, स्पोर्टिंग की पोर्तो हे विचारा, स्वतः बाजू घेऊ नका), तुमच्या घरी कोण कोण असतं. ही वीस मिनिटं वाया गेली असं समजून लॅपटॉप उघडणारे लोक मी पाहिलेत, समोरचे लोक सभ्य असतात म्हणून प्रेझेंटेशन बघतात आणि संपतं तिथेच.

गोव्याचा विषय निघेल, भारतीय म्हटल्यावर निघतोच. कुणी सांगेल की आंतोनियु कोश्ता, २०१५ ते २०२४ पंतप्रधान आणि डिसेंबर २०२४ पासून युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष, त्यांचे वडील गोव्याच्या घराण्यातले आणि घरात त्यांना बाबुश म्हणतात. हा विषय छान आहे, खुशाल बोला. पण १९ डिसेंबर १९६१ बद्दल जुन्या पिढीच्या माणसाचं मत आपल्यासारखं नसू शकतं, कदाचित तो किंवा त्याचा भाऊ त्या काळात अंगोला-मोझांबिकमध्ये (तेव्हाच्या पोर्तुगीज वसाहती) सैन्यात असेल, कदाचित तो तिथेच जन्मलेला असेल आणि १९७५ ला सगळं सोडून आलेला. ऐका, वाद घालू नका. वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी १७३९ ला कसा घेतला हे सांगायला पुढे कधीतरी रात्रीच्या जेवणाची वेळ मिळेल, तोवर दोस्ती झालेली असली तर तेही हसून ऐकतील.

६. जेवण, म्हणजे खरी मीटिंग

दुपारी एक ते अडीच, कधी तीन. सँडविच मागवून काम चालू ठेवू असा प्रस्ताव चुकूनही ठेवू नका. विश्वास बसतो की नाही ते इथे ठरतं.

टेबलावर बसल्याबरोबर ब्रेड, ऑलिव्ह, चीज, लोणी येतं, ते फुकट नसतं, खाल्लं की बिलात. नको असेल तर हात न लावता परत पाठवता येतं, पण यजमानानं बोलावलेलं असेल तर हा हिशेब तुमचा नाही. बोलावणारा पैसे देतो, बिलावरून ओढाताण नको, पुढच्या वेळी तुम्ही बोलवा. कामाचं बोलणं यजमानानं काढेपर्यंत काढायचं नाही, बहुतेक वेळा ते कॉफीवर निघतं. कॉफी म्हणजे छोट्या कपातली कडक, लिस्बनमध्ये तिला 'बीका' म्हणतात. मोठ्या ग्लासात दुधाची हवी असेल तर 'गालाँव' मागा, ती सकाळची, जेवणावर मागितलीत तरी आणून देतात पण जरा चमकून बघतात.

शाकाहारी लोकांनी हे नीट वाचा. सुकवलेला कॉड मासा, बाकाल्याव, हा तिकडे जवळजवळ राष्ट्रधर्म आहे आणि "मासा नको" म्हटल्यावर हॅम येऊ शकतं. हिरव्या पानांचं ते प्रसिद्ध सूप आहे ना, त्यातही पोर्क सॉसेजची चकती तरंगत असते. म्हणून आमंत्रण आल्यावर लगेच, लाजू नका, ईमेलमध्ये लिहा की मांस नाही, मासा नाही, हॅम-सॉसेजही नाही, अंडं-चीज चालतं की नाही. 'शाकाहारी' हा एक शब्द लिहून भागत नाही. सांगितलं तर वाईट वाटत नाही, उलट टेबलावर बसल्यावर कळलं तर यजमानाची फजिती होते. दारू घेत नसाल तर पाणी घ्या, कुणी आग्रह करत नाही, फक्त त्यांच्या वाइनचं कौतुक ऐकून घ्या, ते बऱ्याचदा कुणाच्यातरी मामाच्या मळ्यातलं असतं.

घरी बोलावलं तर समजा की पुढे गेलात. फुलं न्या पण शेवंती नको, ती तिकडे स्मशानात वाहतात.

७. 'हो' किती खरं आहे

तोंडावर 'नाही' म्हणणं त्यांना जड जातं. बोलताना 'पोइश, पोइश' येतं, ते आपल्या 'हं, हं' सारखं, ऐकतोय एवढंच. 'एं प्रिंसिपियु' म्हणजे 'तत्त्वतः हो' आलं की त्या होकारावर माल लावू नका, त्यात अजून कुणाला तरी विचारायचं बाकी आहे. विचारायचा प्रश्न बदला, "जमेल का" ऐवजी "यात पुढे कुणाची सही लागेल आणि ती कधी होते" असं विचारा, मग खरं उत्तर मिळतं. चुका काढायच्या असतील तर चारचौघांत नको, फोन करा, नाहीतर कॉफीला बाहेर काढा. ग्रुप ईमेलवर सगळ्यांना कॉपी टाकून "तुमच्याकडून अजून आलेलं नाही" हा आपला आवडता प्रकार तिथे फार महागात पडतो.

८. ईमेल, तारखा, आकडे

इथे पैशाचं नुकसान होऊ शकतं म्हणून सावकाश वाचा.

त्यांच्याकडे दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब. १.५०० युरो म्हणजे दीड हजार, दीड नव्हे. किलोचा रेट आणि वजन असलेल्या एक्सेलमध्ये हा घोळ भयानक होतो, कॉम्प्युटरची सेटिंग वेगळी असेल तर कळतही नाही. आपले लाख-कोटी अर्थातच नको. आणि 'बिलियाँव' हा त्यांचा शब्द इंग्रजी बिलियन नव्हे, पोर्तुगालमध्ये तो म्हणजे एक लाख कोटी, आपल्या शंभर कोटीला ते 'हजार मिल्याँव' म्हणतात. ब्राझीलमध्ये पुन्हा वेगळं. मोठ्या करारात आकडा पूर्ण शून्यांसकट लिहा, विषय संपला.

वारांची पण गंमत. सोमवार हा 'दुसरा', मंगळवार 'तिसरा', असं शुक्रवार 'सहावा' पर्यंत. कुणी घाईत '३ ला, १५ वाजता' असं वाराच्या खुणेसकट लिहिलं तर तो तीन तारखेचा नव्हे, मंगळवारचा निरोप असू शकतो. पत्त्यात मजल्यानंतर डावा-उजवा लिहिलेलं असतं, म्हणजे जिन्यातून वर गेल्यावर कुठलं दार, ते कॉपी करताना गाळू नका, कुरिअर परत येतं.

ईमेलची सुरुवात हुद्द्यानं, शेवट नमस्कारानं, मधे कोरडं नको. उत्तर आलं नाही तर आठवडाभरानं फोन. व्हॉट्सॲप ओळख झाल्यावर चालतं, पण रात्री नको. तिकडे माणसं नोकरीला ठेवणार असाल तर जानेवारी २०२२ पासून कायदाच आहे, मालकानं सुट्टीच्या वेळात कर्मचाऱ्याला तातडीच्या कारणाशिवाय संपर्क करायचा नाही. पुण्यातून रात्री साडेबाराला लिस्बनच्या टीमला "क्विक कॉल" लावणाऱ्या मॅनेजरनं त्यांची सुट्टी संध्याकाळी सुरू होते हे बघून घ्यावं.

९. करार, पगार, पैसे

तोंडी ठरलेलं महत्त्वाचं, पण कागदाची हौस त्यांनाही दांडगी. शिक्के, नोटरीसमोर सही, नऊ आकडी टॅक्स नंबर ज्याला 'निफ' म्हणतात, हे सगळं लागतं आणि वेळ खातं, वेळापत्रकात ते धरा. मूल्यवर्धित कर मुख्य भूमीवर २३ टक्के. सर्व्हिस एक्स्पोर्ट करणाऱ्यांनी पहिलं बिल पाठवायच्या आधीच भारतातलं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट आणि त्यांचा '२१-आरएफआय' नावाचा फॉर्म तयार ठेवा, नाहीतर क्लायंट तिकडे टॅक्स कापून उरलेलं पाठवतो आणि तो परत मिळवताना जीव जातो.

पगार ठरवताना 'महिन्याला इतके' ऐकलं की १२ नं नाही, १४ नं गुणा, सुट्टीचा एक आणि नाताळचा एक जास्तीचा पगार कायद्यानं द्यावा लागतो. वर मालकाचा सोशल सिक्युरिटीचा वाटा २३.७५ टक्के.

पैसे उशिरा येतात. कंपन्यांमधल्या व्यवहाराला युरोपियन नियमानं साधारण ६० दिवसांची मर्यादा आहे, करारात वेगळं ठरवता येतं, आणि प्रत्यक्षात तारीख पुढे सरकते ती सरकतेच. ॲडव्हान्स मागणं वाईट दिसत नाही, पण ते सुरुवातीला, मैत्री झाल्यावर नको. आणि हिशेब बघणाऱ्या बाईंना पहिल्या भेटीतच हात मिळवून नाव विचारून ठेवा, पुढे वसुलीचा फोन मालकाला नाही, त्यांना करायचा असतो.

१०. कॅलेंडर आधीच भिंतीला लावा

ऑगस्टमध्ये काही मागू नका. कारखाने दोन-तीन आठवडे चक्क बंद असतात, वर्षाला किमान २२ कामाच्या दिवसांची रजा हक्काची आहे आणि त्यातला मोठा भाग तेव्हाच जातो. ऑर्डर जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पक्की नाही झाली तर सप्टेंबरच्या मध्यावर बोलू. जूनमध्ये १० तारखेला राष्ट्रीय सुट्टी, १३ ला लिस्बनची, २४ ला पोर्तोची, म्हणजे एकाच महिन्यात दोन शहरं वेगवेगळ्या दिवशी बंद. सुट्टी गुरुवारी आली की शुक्रवारही जोडून घेतात. २५ एप्रिल हा १९७४ च्या क्रांतीचा दिवस, त्या दिवशी ट्रायल रन ठेवू नका. १ आणि ८ डिसेंबर दोन्ही सुट्ट्या, त्यानंतर नाताळचे वेध, तेव्हा वर्षअखेरीच्या शिपमेंटचे कागद नोव्हेंबरातच सह्या करून घ्या.